वाळूत जाताना हवा काढायची

"हे मी सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," नीळकंठराव म्हणाले, आणि तो बसू नये याची पुरेपूर काळजी घेत त्यांनी गोष्ट सुरू केली. "रियाधच्या बाहेर एक वाळूची टेकडी होती. दर शुक्रवारी आम्ही तिच्या पायथ्याशी जेवायला जायचो. एका शुक्रवारी वादळ उठलं. पळापळ झाली, बटाट्याच्या भाजीचा डबा तिथेच राहिला आणि टेकडी सरकून त्याच्यावर बसली. टेकड्या सरकतात बरं का, हे शास्त्र आहे, राघवला विचारा. पुढच्या वर्षी त्याच जागी गेलो, तर टेकडी उठून पलीकडे जाऊन बसलेली आणि डबा जागच्या जागी. मी झाकण उघडलं."

इथे त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"वाफ आली," ते म्हणाले.

फेल्डहोवन या डच गावातल्या त्या घरात न्याहारी चालली होती. मुलगा राघव लॅपटॉपमधून डोकं वर काढायला तयार नव्हता. सून अस्मिता ब्रेडला लोणी लावत होती. नऊ वर्षांच्या वैदेहीनं मात्र तोंडातला घास गालात सरकवला.

"आजोबा, बॅक्टेरिया," ती म्हणाली. "वन इयर. यू वुड ऑल बी डेड."

नीळकंठरावांनी नातीकडे कौतुकानं पाहिलं, पण त्यांचे कान तिच्याकडे नव्हते. ते होते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांची बायको संत्रं सोलत बसली होती. शामलाबाईंनी साल बशीत ठेवली, फोडी वैदेहीपुढे सरकवल्या आणि उठून ओट्याकडे गेल्या.

म्हणजे आजही नाही.

आता यात एवढं वाट बघण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. नीळकंठरावांनी उमेदीची सगळी वर्षं रियाधमध्ये एअरकंडिशनर दुरुस्त करण्यात घालवली. सगळीकडे वाळवंट असलेलं शहर. सहा दिवस घर आणि काम, आणि शुक्रवारी मात्र मराठी मंडळींच्या चार-पाच गाड्या एकामागोमाग शहराबाहेर पडायच्या. कधी तांबड्या वाळूच्या टेकड्यांवर, कधी जमीन अचानक संपते त्या कड्यावर, कधी पाऊस शिंपडून गेला असेल तर खोलगट भागात उगवलेलं गवत बघायला. गवत बघायला माणसं शंभर मैल जायची आणि त्याच्यावर पाय न देता परत यायची. जेवणं झाली की चटया जवळ ओढल्या जायच्या आणि नीळकंठराव सुरू व्हायचे. आणि गोष्ट अगदी टोकाला पोचली, लोकांनी श्वास रोखले, की मागे बसून काहीतरी सोलत किंवा निवडत असलेल्या शामलाबाई वर न बघता म्हणायच्या, "खोटं."

एवढंच. पण लोक हसायचे ते त्या शब्दाला. नीळकंठरावांची गोष्ट म्हणजे एक खोली होती आणि शामलाबाईंचं "खोटं" हे तिचं दार. दार नसेल तर आत शिरलेल्या माणसानं बाहेर पडायचं कुठून? लग्न झाल्यापासून हे असं चालू होतं आणि दोघांनी त्याबद्दल आपसांत कधी एक अक्षर काढलं नव्हतं.

फेब्रुवारीत दोघं मुलाकडे आली ती ट्यूलिप बघायला. मार्चमध्ये साथीमुळे विमानं बंद झाली. ट्यूलिप फुलली, पण लोकांनी गर्दी करू नये म्हणून रस्ते अडवले होते. आणि एप्रिलमध्ये पुण्याला शामलाबाईंच्या थोरल्या बहिणीला, शुभदाताईंना ताप आला. दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत. भाच्यानं धरलेल्या फोनवर शामलाबाईंना दिसलं ते एवढंच: एका पांढऱ्या गाडीचं बंद होणारं दार.

त्या दिवसापासून शामलाबाई सगळं करत होत्या. पोळ्या करत होत्या, वैदेहीच्या वेण्या घालत होत्या, मागच्या अंगणातले कपडे घड्या घालून कपाटात ठेवत होत्या. फक्त बोलत नव्हत्या. "हो", "नको", "जेवा", "झालं", एवढ्यावर दिवस निघायचा. घराबाहेर पाऊल नाही. हाऊसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरनं, फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्यांना मोकळ्या हवेत न्या म्हणाली. न्यायचं कसं, ते तिला तरी काय ठाऊक असणार?

घरात एक नियम आपोआप झाला होता आणि अस्मितानं तो सासऱ्यांना स्वयंपाकघरात गाठून स्पष्ट सांगितला होता. "बाबा, मावशींचा विषय नको. परवा माझ्या तोंडून चुकून नाव निघालं तर आई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत."

नीळकंठरावांनी मान हलवली. शुभदाताई त्यांच्याही कोणी कमी नव्हत्या. रियाधच्या एका हॉस्पिटलात ताई नर्स होत्या, तिथला एअरकंडिशनर दुरुस्त करता करता हा तरुण बोलतो किती हे त्यांनी पाहिलं होतं आणि पुण्याला कळवलं होतं की शामलासाठी एक मुलगा आहे, तोंडाला विश्रांती नाही पण हात चांगला आहे. तेव्हा विषय काढायचा नाही, हे त्यांना मान्य होतं. पण बायको अशी आत आत चालली आहे आणि एक दिवस हाकेच्या पलीकडे जाईल, ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांच्याकडे उपाय एकच होता. ज्या बाईला थाप ऐकवत नाही तिच्यासमोर थापांचा आकार वाढवत न्यायचा.

म्हणून त्या महिन्यात न्याहारीच्या टेबलावर बरंच काही होऊन गेलं. रियाधमध्ये सावली भाड्यानं मिळायची, आणि उंटाच्या सावलीपेक्षा खजुराची महाग. एका उंटाला मंडळाच्या गणपतीची आरती पाठ होती, फक्त ताल चुकायचा. एकदा धुळीचं वादळ इतकं दाट आलं की नीळकंठराव गाडीतून उतरून त्याला टेकून उभे राहिले. वैदेही एकेकाची चिरफाड करायची, इंग्रजीत, मध्येच डचमध्ये. पण नातीचं "इम्पॉसिबल" म्हणजे परीक्षकाचा शेरा. त्यानं दार उघडत नव्हतं. शामलाबाई ऐकायच्या, भांडी विसळायच्या, आणि डब्यातून वाफ आली तर येऊ द्यायच्या.

मे महिन्यात हेमेलफार्टची, एका ख्रिस्ती सणाची, सुट्टी आली. कित्येक आठवडे पाऊस नव्हता, आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि ऊन असं की शेजारचे लोक अर्ध्या चड्ड्यांवर कुंपणाला रंग देत होते.

"हा देश हिरवा आहे, हीच याची अडचण आहे," नीळकंठराव खिडकीतून म्हणाले. "माणसानं बघायचं काय? सगळीकडे आपलं गवत. आम्हाला गवत बघायला शंभर मैल जावं लागायचं, तेव्हा त्याची किंमत होती."

"वाळू बघायची आहे का तुम्हाला?" राघव म्हणाला. "इथेही आहे. ओर्सखॉतच्या बाजूला माळरान आहे, हाइड म्हणतात. मध्ये नुसती वाळू. सायकलनं फार लांब नाही."

"वाळू म्हणजे? बागेत असते तेवढी?"

"बघा तर. रणगाड्यांचा सराव चालतो तिथे."

नीळकंठरावांनी ओट्याकडे पाहिलं. शामलाबाई पाठमोऱ्या होत्या. "मग जाऊ या सगळे," ते मोठ्यानं म्हणाले. "शुक्रवारसारखं."

"तुम्ही जा," ओट्याकडून आवाज आला.

"आजी कॅन सिट इन द बाकफीट्स," वैदेही म्हणाली.

बाकफीट्स म्हणजे पुढे लाकडी पेटी लावलेली सायकल. इथले आईबाप त्यात पोरं बसवून शाळेत सोडतात. वैदेही केव्हाच त्या पेटीत मावेनाशी झाली होती आणि ती सायकल विकायची म्हणून शेडमध्ये उभी होती. आजीला पेटीत घालून न्यायची ही कल्पना ऐकून राघव हसला, पण शामलाबाई हसल्याही नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या अस्मिताच्या हातांकडे बघत होत्या. अस्मितानं तव्यावरून उतरवलेल्या पोळ्यांची चळत तशीच गरम गरम चांदीच्या कागदात गुंडाळायला घेतली होती.

वाफेनं पोळ्या ओल्या होणार होत्या. शामलाबाईंनी सुनेच्या हातातून कागद काढून घेतला, पोळ्या फडक्यावर सुट्या पसरल्या आणि वारा लागू दिला. मग त्यांनी परात घेतली, दूध घेतलं आणि प्रवासाच्या दशम्या मळायला बसल्या. बटाट्याची सुकी भाजी झाली. शेंगदाण्याची चटणी झाली. डबा भरून झाल्यावर तो धरून त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा राघवनं बाकफीट्स त्यांच्यासमोर आणून लावली. शामलाबाई डब्यासकट पेटीत बसल्या. डबा त्यांच्या हातात होता, आता तो कुणाच्या ताब्यात द्यायचा, हा प्रश्न होताच.

निघाली वरात. पुढे राघव, त्याच्या पेटीत आई, मांडीवर डबा. मागे अस्मिता आणि वैदेही. सर्वांत शेवटी नीळकंठराव, शेजारणीच्या जुन्या सायकलवर. त्या सायकलला हातात ब्रेक नव्हता, पॅडल उलटं मारलं की थांबायची. नीळकंठरावांना बोलताना पाय मागे-पुढे हलवायची सवय, त्यामुळे ते वाटेत बऱ्याचदा विनाकारण थांबले. सायकलच्या वाटेवर समोरून येणारी माणसं कडेला सरकून दीड मीटर अंतर ठेवत होती आणि पेटीतल्या आजीकडे बघून मान तुकवत होती. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढली.

"बघ," नीळकंठराव मागून ओरडले. "मिरवणूक समजतायत. तुला राणी समजतायत."

पेटीतल्या राणीनं डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं.

पाइनची झाडं संपली आणि एकदम समोर वाळू आली. राघवनं सांगितलं होतं त्यापेक्षा खूप जास्त. उघडी, फिकट, वाऱ्यानं लाटा काढलेली, मध्ये रणगाड्यांच्या पट्ट्यांचे खोल चर, आणि कडेनं खुरटी झुडपं. राघव, अस्मिता आणि वैदेही सायकली लावून पुढे पळाली. शामलाबाई पेटीतून उतरून झाडाखाली उभ्या राहिल्या. नीळकंठराव मागे राहिले सायकलींपाशी.

त्यांनी जे केलं ते सवयीनं केलं की मुद्दाम, यावर पुढे घरात बराच वाद झाला आणि नीळकंठराव त्यात दोन्ही बाजूंनी बोलले. केलं ते असं, की एकेका सायकलीपाशी वाकून त्यांनी सगळ्या चाकांची हवा सोडली.

"बाबा," परत आलेला राघव म्हणाला. तो चाकांकडे बघत होता. "हे काय आहे?"

"हवा काढली. थोडी. वाळूत जाताना हवा काढायची. चाक पसरतं, रुतत नाही. आम्ही रियाधला दर शुक्रवारी काढायचो."

"ती लँडक्रूझर होती."

"तत्त्व तेच आहे."

"आजोबा," वैदेहीनं एक टायर अंगठ्यानं दाबून पाहिला, तो पार रिमला जाऊन टेकला. "दॅट वॉज नॉट थोडी."

"जाताना भरायची ना परत. पंप काढ."

"पंप घरी आहे," राघव म्हणाला. "शेडमध्ये."

"असं कसं? वाळूत यायचं आणि पंप घरी? रियाधला प्रत्येक गाडीत—"

"बाबा, हे रियाध नाही, ब्राबांट आहे. इथे माणसं वाळूत जाताना हवा काढत नाहीत. सायकल लॉक करतात आणि चालतात."

अस्मिता तोंडावर ओढणी धरून दुसरीकडे बघत होती. हसत होती की रागावली होती, कळत नव्हतं. सुट्टीचा दिवस, दुकानं बंद. वाटेत एक शेतघर लागलं होतं, त्याच्या अंगणात सायकली होत्या. राघवनं खिशात मास्क आहे का पाहिलं आणि निघाला. "जातो. दीड मीटरवरून पंप मागतो. वडिलांनी हवा काढली हे डचमध्ये कसं सांगायचं ते वाटेत ठरवतो."

"सांग, इंजिनियर आहेस ना," नीळकंठराव म्हणाले.

तो गेला आणि माळरानावर हे चौघं उरले. अस्मितानं झाडाच्या सावलीत चटई टाकली. डबा मध्ये आला. शामलाबाईंनी सगळ्यांना वाढलं. जेवताना नीळकंठरावांचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. शामलाबाईंनी चपला काढल्या होत्या आणि पाय चटईच्या बाहेर, वाळूत होते. टाचा आत गेल्या होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी मूठभर वाळू उचलली आणि मुठीतून हळूहळू खाली सोडली. परत उचलली. परत सोडली. रंग बघत होत्या बहुतेक. ही वाळू पिठासारखी पांढरट, तिकडची कुंकवाच्या जवळची.

कित्येक आठवड्यांत त्यांनी गरजेबाहेरची अशी एक गोष्ट केली नव्हती.

नीळकंठरावांनी घसा साफ केला. "हे मी सांगितलं तर—"

"नोबडी विल बिलीव्ह," वैदेहीनं वाक्य पुरं केलं. "वी नो, आजोबा."

"ही वेगळी आहे. ही मी अजून सांगितलेली नाही." त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं की पुढचं वाक्य आपण उच्चारणार आहोत की नाही. डब्यांच्या, उंटांच्या, सावल्यांच्या सगळ्या थापा वापरून झाल्या होत्या. उरली होती ती एकच जागा, जिथे जायला मनाई होती. "असेच आम्ही वाळूत अडकलो होतो. आमच्याबरोबर तुझ्या आजीची ताई होती. शुभदाताई."

अस्मिताचा डबा आवरणारा हात थांबला. "बाबा," ती हळूच म्हणाली.

शामलाबाईंच्या मुठीतून पडणारी वाळू बंद झाली. मूठ मिटलेली तशीच राहिली.

नीळकंठरावांनी ती मूठ पाहिली. पण शब्द बाहेर पडला होता, आणि अर्धवट सोडलेलं नाव हे पूर्ण घेतलेल्या नावापेक्षा वाईट. ते पुढे निघाले.

"ताई हॉस्पिटलात नर्स. डॉक्टर लोक त्यांना वचकून असायचे. पण वाळूत आल्या की गोगलगाय. मी गाडी चालवत होतो. मी म्हणजे, वाळूत गाडी चालवावी तर मीच, असं अरब लोकसुद्धा म्हणायचे. पण त्या दिवशी वाळूच लबाड निघाली. गाडी पोटापर्यंत खाली गेली. झालं. ताईंनी जे रडायला सुरुवात केली. मला घरी न्या, मला पुण्याला न्या. इतक्या रडल्या की गाडीच्या काचांवर आतून दव धरलं आणि खालची वाळू भिजून गाडी आणखी दोन बोटं खचली."

वैदेहीनं एकदा आजीकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"मी शांत," नीळकंठराव म्हणाले. आवाज थोडा चिरकला, तो त्यांनी खोकून सावरला. "म्हटलं, ताई, डोळे पुसा, नीळकंठ आहे. खाली उतरलो. खिशातून केसांची पिन काढली. चारही चाकांची हवा सोडली, मोजून, जेवढी हवी तेवढीच. मग आत बसलो, एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि गाडी अशी वर आली की कपातला चहा हलला नाही. टेकडीवर बेदुइन लोक उभे होते, त्यांनी आपले उंट बसवले आणि मला वाट दिली."

ते थांबले. हीच ती जागा होती. पाइनमधून वारा वाहत होता. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि कुणीतरी त्याला डचमध्ये रागावलं. अस्मिता चटईकडे बघत होती. नीळकंठरावांना वाटलं, संपलं, आज आपण हिचं असलेलं जेवणही तोडलं.

"कुठली पिन?" शामलाबाई म्हणाल्या.

"अं?"

"कुठली पिन काढलीत खिशातून?"

"केसांची," नीळकंठराव म्हणाले. "डोक्याला लावतात ती."

शामलाबाईंनी मान वर केली आणि नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "तेव्हाही तिथे काय होतं पिन लावायला?"

वैदेहीला एकदम हसू फुटलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"खोटं," शामलाबाई म्हणाल्या.

शब्द गंजलेल्या कडीसारखा अडकत आला. पण आला. नीळकंठरावांनी चेहरा कसाबसा जागेवर ठेवला. जुना रिवाज असा होता की इथे त्यांनी दुखावल्यासारखं करायचं.

"काय खोटं? तू होतीस ना तिथे?"

"होते म्हणून तर सांगते. पिन ताईची होती. हवा ताईनं काढली. तुम्हाला हवा काढतात हे ठाऊक तरी होतं का? तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून दाबून गाडी आणखी पुरत होतात. ताई म्हणाली, नीळकंठ, बंद कर ते आणि उतर. आणि बसली चाकाशी उकिडवी."

"पण काढली कुणी गाडी बाहेर?" अस्मितानं विचारलं. तिला स्वतःचाच आवाज ऐकून आश्चर्य वाटलं असावं.

"ताईनं."

"म्हणजे चालवली? मावशींनी? रियाधमध्ये? बायकांना बंदी होती ना तेव्हा?"

"शहरात होती. वाळूत कोण बघतंय? पुण्यात डॉक्टरांच्या ॲम्बेसेडरवर हात बसवला होता तिनं. अंगावरची अबाया अशी गुडघ्यापर्यंत वर खोचली, ओढली सीट पुढे, आणि पहिल्या फटक्यात वर. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही." शामलाबाईंची मूठ उघडी झाली होती आणि हात हवेत स्टिअरिंग फिरवत होता. "आणि रडत कोण होतं, विचार तुझ्या आजोबांना."

"डोळ्यात वाळू गेली होती माझ्या," नीळकंठराव म्हणाले.

"खोटं. राघवला मांडीवर घेऊन मागे बसले होते. आता कसं होणार शामला, आपण इथेच संपणार शामला. राघव दोन वर्षांचा, तो टाळ्या वाजवत होता. आणि म्हणे ताई रडली. ताई रडायची? वॉर्डात माणूस गेला तरी त्याचे डोळे मिटून, पांघरूण नीट करून मग चहा प्यायला जायची ती. ताई रडली असं कुठे बोलू नका पुन्हा."

हे बोलताना त्या स्वतः रडत होत्या. डोळ्यांतून धार लागली होती आणि बोलणं थांबत नव्हतं, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. अस्मिता सरकून त्यांच्याजवळ बसली. शामलाबाईंनी तिच्या ओढणीला डोळे पुसले आणि वैदेहीकडे वळल्या.

"आणि ऐक. गाडी वर आणली, उतरली, किल्ली यांच्या हातात ठेवली, आणि ताई काय म्हणाली माहीत आहे?"

"व्हॉट?" वैदेही म्हणाली.

"म्हणाली, नीळकंठ, आता चारचौघांत तू हे स्वतःच्याच नावावर सांगत फिरणार. सांग खुशाल. ही आहे तुला खोटं पाडायला. मी असेन नसेन, ही आहे."

नीळकंठराव बायकोकडे बघत राहिले. तो शुक्रवार त्यांना स्वच्छ आठवत होता. ताईंनी किल्ली हातात ठेवली होती हे खरं. पण त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की भूक लागली आहे, डबे काढा. याउपर एक शब्द नाही. आणि शामलाबाई बघत होत्या सरळ त्यांच्याच डोळ्यांत, पापणी न हलवता, मुरलेल्या माणसासारख्या. इतक्या वर्षांच्या संसारात ही शामलाबाईंनी रचलेली पहिली थाप होती.

ते थोडं थांबले. गोष्टीला टोकापर्यंत जाऊ दिलं.

"खोटं," नीळकंठराव म्हणाले.